लोखंडी नांगराचे गिऱ्हाईक

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा जुना रस्ता कात्रजचा घाट ओलांडून नीरेच्या काठी येतो. नदी पार केली की सातारा जिल्ह्यातील पहिले मोठे गाव लागते ते शिरवळ. इतिहासाच्या वाचकास हे गाव सुभानमंगळ गढीमुळे ठाऊक असते; १६४८ च्या सुमारास या गढीसाठी शिवाजी महाराजांचे मावळे आणि आदिलशाही फौज यांची झटापट झाली. परंतु तलवारी म्यान झाल्यावर शिरवळास जे महत्त्व उरले ते वाटेवरच्या गावाचे. पुढे खंबाटकीचा चढ. तेव्हा गाडीवानाने येथे बैल सोडावेत, वैरणपाणी करावे आणि पहाटे निघावे, हे ओघानेच आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून मिरजेकडे लोहमार्ग गेला, तो मात्र शिरवळास एका बाजूस ठेवून नीरा आणि लोणंद या स्थानकांवरून गेला. तेव्हापासून दूरच्या कारखान्यातील एखादी जड वस्तू शिरवळच्या शेतकऱ्यास हवी असेल तर ती आधी आगगाडीने लोणंदास यावी आणि मग बैलगाडीत घालून घरी न्यावी, असा मार्ग पडला.

या गावचा एखादा शेतकरी डोळ्यांपुढे आणावा. साल १९१०. याच लोहमार्गावर, दक्षिणेस सुमारे शंभर मैलांवर, कुंडल रोड नावाच्या आडबाजूच्या स्थानकाशेजारी निवडुंगाने भरलेल्या माळावर एक लहानसा कारखाना उभा राहू लागला आहे. तेथे लोखंडी नांगर होणार आहेत. हा शेतकरी त्या नांगराचे गिऱ्हाईक होऊ शकतो. पण त्याला ते माहीत नाही, आणि कारखानदाराला या शेतकऱ्याचे नाव माहीत नाही. दोघांमध्ये शंभर मैलांचे अंतर आहे आणि ते कापण्यासाठी कारखानदारापाशी पैसा थोडा आहे. हा थोडा पैसा कोठे घालावा म्हणजे तो वाया जाणार नाही? महाराष्ट्रातील कारखानदारीच्या आरंभीच्या इतिहासात यंत्रे कशी आली, भांडवल कसे जमले, याची चर्चा पुष्कळ होते. माल खपविण्यासाठी केलेल्या खर्चाचा इतिहास मात्र बहुधा कोपऱ्यात पडून राहतो. वास्तविक कित्येक स्वदेशी कारखाने बुडाले ते माल करता आला नाही म्हणून नव्हे, तर झालेला माल विकता आला नाही म्हणून.

त्या माळावरच्या कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या कलाशाळेत गेले. परंतु डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नाही असे आढळल्याने रंगांची वाट सोडून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. तेथे बढतीच्या वेळी आपल्यास डावलले गेले असे पाहून त्यांनी नोकरीवर पाणी सोडले. बेळगावास त्यांचे व त्यांचे बंधू रामूअण्णा यांचे सायकलींचे दुकान होते. आता सायकल ही त्या काळी अशी वस्तू होती की ती नुसती दुकानात टांगून खपणार नव्हती. विकत घेणाऱ्यास आधी तिच्यावर बसावयास शिकवावे लागे. विक्री आणि शिकवणी यांची सांगड या दुकानात पडली आणि नांगराच्या धंद्यात हीच सवय पुढे त्यांच्या कामी आली, असे म्हणावयास हरकत नाही.

कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर, हे या कारखान्याचे आरंभीचे जिन्नस. १९०३ च्या सुमारास नांगर तयार झाला, परंतु पहिले गिऱ्हाईक मिळावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. दोन वर्षे! एवढ्या काळात लहान धंद्याचे दिवाळे दोनदा वाजू शकते. शेतकऱ्यांचा आक्षेप असा की लोखंडाने जमिनीस विष भिनते आणि तिचा कस जातो. या आक्षेपास अडाणीपणा म्हणून हसणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनीही नेमका हाच आक्षेप घेतला होता. म्हणजे शंभर वर्षांच्या आणि सात समुद्रांच्या अंतरावर दोन शेतकरी एकच बोलत होते. जमीन हेच ज्याचे सर्वस्व, तो तिच्यावर दुसऱ्याच्या सांगण्यावरून प्रयोग करावयास सहसा धजत नाही. पीक एकदा बुडाले तर सावकार दारात उभा राहतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. सातारा जिल्हा तर १८७९ च्या दक्षिणी शेतकरी कायद्याखाली आलेल्या चार जिल्ह्यांपैकी एक; कर्जाची धास्ती येथे घरोघर होती.

परंतु विषाची समजूत हा वरवरचा अडथळा होता. खरा प्रतिस्पर्धी निराळाच होता, आणि तो विलायती कंपनीचा नव्हता. गावचा सुतार हाच तो प्रतिस्पर्धी. लाकडी नांगर सुतार करून देई, मोडला तर दुरुस्त करून देई, आणि त्याबद्दल सुगीत खळ्यावर धान्याचे बलुते घेई. शेतकऱ्याच्या गाठीचा रोख पैसा त्यात जात नसे. लोखंडी नांगरास मात्र रोख रुपये मोजावे लागत. शिवाय सुतारास दुखवून गावात राहावयाचे कसे, हा प्रश्न होताच. तेव्हा कारखानदाराने आपला नांगर लाकडी नांगरापेक्षा चांगला आहे एवढे सांगून भागणार नव्हते. बलुत्यातील फुकटासारख्या वाटणाऱ्या नांगरापेक्षा रोखीचा नांगर अखेरीस स्वस्त पडतो, हे त्याला पटवावयाचे होते.

ते पटण्यासारखे होते का? होते. लाकडी नांगर जमीन फाडतो, उलथीत नाही. काळ्या रानात हरळी, कुंदा यांची मुळे खोल गेलेली असतात. ती लाकडी नांगराच्या तासाखाली जिवंतच राहतात. भारी रानात तो नांगर ओढावयास तीन-तीन, चार-चार बैलजोड्या लागत आणि एवढे बैल एका घरी नसल्यामुळे वारंगुळा करावा लागे. लोखंडी नांगर ढेकूळ उलथून मुळे उन्हात टाकतो. हा फरक शब्दांत सांगावा तर पाच मिनिटे लागतात आणि विश्वास बसत नाही. शेतात दाखवावा तर दोन तास पुरतात आणि वादास जागा उरत नाही.

जाहिरातीच्या खर्चाची निवड येथे सुरू होते. १९१० साली बेळगावातील कारखान्याची जागा नगरविस्तारासाठी सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. मोजके कामगार, ओसाड माळ, आणि परत फेडावयाचे कर्ज. अशा कारखान्याने पैसे उधळावे कोठे?

वर्तमानपत्र हा पहिला मार्ग सुचतो. स्वदेशीची चळवळ १९०५ पासून जोरात होती आणि स्वदेशी मालाच्या जाहिरातींना मराठी पत्रांत मानाचे स्थान होते. परंतु १९११ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात शंभरांत सहा माणसेही साक्षर निघाली नाहीत, आणि जी निघाली त्यांत नांगर धरणारे हात फार थोडे. पुण्या-मुंबईचा वकील जाहिरात वाचून कारखानदाराचे कौतुक करील, सभेत त्याचे नाव घेईल. नांगर मात्र घेणार नाही. तथापि हा खर्च सर्वस्वी व्यर्थ असेही म्हणता येत नाही. गावचा कुलकर्णी, शाळामास्तर, इनामदार आणि शेती करणारा पेन्शनर हे पत्र वाचीत, आणि नवी वस्तू गावात प्रथम येते ती अशाच माणसांच्या घरी. म्हणून वर्तमानपत्रातील जाहिरात थोडी, आणि ती त्या वाचकास उद्देशून, एवढाच तिचा उपयोग.

दुसरा मार्ग गर्दीचा. आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी नीरा ओलांडून लोणंदास मुक्कामाला येते, तेव्हा या भागात जेवढी माणसे एकत्र होतात तेवढी एरवी कधी होत नाहीत. जाहिरातदारास मोह पडावा असा तो देखावा! पण वारकरी विठ्ठलाच्या ओढीने चाललेला असतो, खांद्यावर पताका असते, कनवटीला पंढरीपुरता खर्च असतो. त्याला नांगर दाखवून काय होणार? याउलट म्हसवड किंवा खरसुंडी येथील जत्रेतला गुरांचा बाजार घ्यावा. तेथे येणारा मनुष्य बैल घ्यावयास किंवा विकावयास आलेला असतो. त्याच्यापाशी रोख पैसा असतो किंवा यावयाचा असतो, आणि त्याच्या मनात पुढच्या हंगामाचाच विचार चाललेला असतो. पालखीच्या मानाने गर्दी लहान; पण तिच्यातला प्रत्येक दहावा मनुष्य नांगराचे संभाव्य गिऱ्हाईक. गर्दी आणि गिऱ्हाईक यांतील हा भेद ज्यास कळला नाही, त्याचे पैसे पत्रकांच्या रूपाने धुळीत मिळाले.

तिसरा आणि सर्वांत महाग दिसणारा मार्ग म्हणजे प्रत्यक्ष शेतात नांगर चालवून दाखविणे. माणूस पाठवावयाचा, नांगर आगगाडीने न्यावयाचा, गाडी भाड्याने करावयाची, बैल मिळवावयाचे, आणि एवढे करून त्या दिवशी विक्री होईलच असे नाही. हिशेबाच्या वहीत हा खर्च फार टोचतो. परंतु लोखंडी नांगर खपला तो याच मार्गाने. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या काळात सरकारी शेतकी खातेही सुधारलेल्या अवजारांचे प्रयोग शेतकऱ्यांच्या रानात करून दाखवू लागले होते. त्याचा फायदा देशी कारखान्यांना आपोआप मिळाला. आणि वर सांगितलेला वारंगुळा येथे कारखानदाराच्या मदतीस आला. एका शेतकऱ्याने नांगर घेतला की त्याच्या वारंगुळ्यातील तीन-चार घरांचे बैल त्याच नांगरास जुंपले जात. एक नांगर विकला जाई, पण पाहणारी आणि वापरणारी घरे चार असत. हे प्रदर्शन कारखान्याच्या खर्चाने होत नव्हते, आणि त्यावर विश्वास ठेवावयास शेजाऱ्याची साक्ष होती.

अर्थात शेजाऱ्याची साक्ष ही दुधारी असते. आरंभीच्या नांगरांच्या फाळांत दोष निघाले, तक्रारी आल्या. अशा वेळी कारखानदारापुढे दोन वाटा असतात. पहिली, तक्रार करणारास वाटेस लावून नव्या गावी नव्या गिऱ्हाइकाच्या शोधात पैसे घालावयाचे. दुसरी, तेच पैसे फाळ सुधारण्यात घालावयाचे. लक्ष्मणरावांनी दुसरी वाट धरली. लोखंड ओतण्याच्या कृतीचा अभ्यास करून त्यांनी फाळ सुधारला. फाळ हा झिजणारा भाग. तो वेळेवर मिळाला नाही तर बाकीचा सगळा नांगर ऐन पेरणीच्या तोंडावर निकामी. शिरवळच्या शेतकऱ्याने लोणंदच्या बाजारात जावे आणि फाळ मिळत नाही असे ऐकून परत यावे, एवढे एकदा घडले की त्या पंचक्रोशीत पुढची पाच वर्षे नांगराचे नाव काढण्याची सोय राहत नाही. सुट्या भागांचा साठा गावोगावच्या दुकानदाराकडे ठेवणे यास हिशेबनीस अडकलेले भांडवल म्हणतो. वस्तुतः तीही जाहिरातच आहे. अमेरिकेत सायरस मॅकॉर्मिक याने कापणीयंत्राच्या धंद्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेच ओळखले होते. शेतातील उघड्या चाचण्या, लेखी हमी, हप्त्याने किंमत आणि सुट्या भागांचा पुरवठा, यांवर त्याने आपला धंदा उभारला. यंत्र उत्तम करणारे दुसरेही होते.

पहिल्या महायुद्धात परदेशी अवजारांची आयात रोडावली आणि देशी नांगरास मागणी वाढली. अशी तेजी लहान धंद्यास फसवी असते. माल आपण होऊन खपत असतो आणि खपविण्याची खटपट सुटते. पुढे लढाई संपते, आगबोटी पुन्हा येऊ लागतात, आणि मग जाग येते. किर्लोस्करांची दूरदृष्टी या प्रसंगी दिसून आली. १९२० साली किर्लोस्कर बंधूंचा धंदा मर्यादित भांडवलाची कंपनी म्हणून नोंदला गेला आणि त्याच साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू झाले. ते सुरू करणारे शंकरराव किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पुतणे. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, व्यंगचित्रे काढणारे, आणि कारखान्याच्या जाहिरातीचे व विक्रीचे काम पाहणारे. चित्रकार व्हावयास निघालेला काका यंत्रांकडे वळला, आणि पुतण्याने चित्रकला यंत्रांच्या कामास लावली, हा योग मोठा गमतीचा आहे.

नांगराच्या कारखान्याने मासिक काढावे ही कल्पना वरवर चमत्कारिक वाटते. परंतु अमेरिकेतील जॉन डिअर या नांगर करणाऱ्या कंपनीने १८९५ साली 'द फरो', म्हणजे 'तास', या नावाचे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक सुरू केले होते आणि ते चांगले चालले होते. 'खबर' निघाली ती आरंभी कारखान्याची बातमी देणारी म्हणून: कोणता माल नवा निघाला, गिऱ्हाइकांचा अनुभव काय, कारखान्यात काय चालले आहे. दूर राहणाऱ्या गिऱ्हाइकास आणि विक्रेत्यास कारखान्याची ओळख दर महिन्यास ताजी राहावी, एवढाच तिचा हेतू.

हा खर्च शहाणपणाचा होता काय? निव्वळ साक्षरतेचा आकडा घेतला तर नव्हता. १९२१ सालीही हिंदुस्थानात शंभरांत सुमारे सातच माणसे साक्षर होती. परंतु जाहिरातीचे पत्रक आणि मासिक यांत एक मूलभूत भेद आहे. पत्रक वाचून टाकून दिले जाते. ते चांगले होते की वाईट, हे छापणाऱ्यास कधीच कळत नाही. मासिकास वाचकाने वर्गणी द्यावी अशी अपेक्षा ठेवली की वाचकच दर वर्षी त्याची परीक्षा घेतो. वर्गणी आली तर खर्चाचा काही भाग सुटला. न आली तर आपण लोकांना कंटाळा आणीत आहोत ही खबर आपल्यालाच मिळाली. शंकररावांनी ही परीक्षा स्वीकारली. कारखान्याच्या बातम्यांनी वाचक टिकणार नाही हे ओळखून त्यांनी उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा, चरित्रे आणि कथा यांना जागा दिली. १९२९ साली 'खबर' हा शब्द गळून मासिकाचे नाव नुसते 'किर्लोस्कर' झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे निघाली. ज्या घरी नांगर कधी जाणार नव्हता, त्या घरी किर्लोस्कर हे नाव दर महिन्यास जाऊ लागले.

येथे एक शंका घेणे रास्त आहे. जाहिरात म्हणून निघालेले मासिक जेव्हा स्वतःच एक संस्था बनते, तेव्हा ते मूळ धंद्याच्या कामाचे राहते का? 'किर्लोस्कर' मासिकात १९३० नंतरच्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख येत. रूढींवर त्यांत कडक टीका असे आणि सनातनी वाचकांचा त्यावर रोषही होई. नांगर घेणाराही रूढी मानणाराच असावयाचा. केवळ माल खपविणे हाच ज्याचा हेतू, त्या विक्रेत्याने हा धोका पत्करला नसता. शंकररावांनी तो पत्करला, याचा अर्थ एवढाच की तोपर्यंत त्यांना मासिक हे विक्रीचे साधन म्हणून पुरेसे वाटत नव्हते. धंद्याच्या हिशेबाने पाहता हा खर्च नांगरापेक्षा नावावर अधिक झाला. ते नाव नांगरापुरते राहिले नाही, म्हणून तो फळला: त्याच कारखान्यातून पंप निघाले, पुढे १९४१ साली हरिहरास यंत्रे करण्याचा कारखाना निघाला आणि १९४६ साली पुण्यास तेलावर चालणारी एंजिने व बंगलोरास विजेची मोटरे यांचे स्वतंत्र कारखाने निघाले. नव्या गिऱ्हाइकास किर्लोस्कर कोण हे सांगावे लागले नाही. एकच जिन्नस करून थांबणाऱ्या लहान कारखानदाराने या उदाहरणावरून मासिक काढावयास धावणे मात्र शहाणपणाचे झाले नसते.

त्याची साक्ष त्याच लोहमार्गावर मिळते. कराडनजीक औंध संस्थानाच्याच आश्रयाने १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. कंदिलास शेतातील प्रयोग नको होता. संध्याकाळी एका ओसरीवर तो लागला की समोरच्या चार ओसऱ्यांवरून दिसे, आणि काच फुटली की नव्या काचेसाठी गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येई. त्याहून उत्तरेस सातारा रोड स्थानकाजवळ धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. तेथेही लोखंडी नांगर होत. एका लोहमार्गावर नांगराचे दोन कारखाने झाल्यावर लोणंदच्या दुकानदारास निवड करता आली, आणि निवड करता येऊ लागताच जो कारखाना फाळ वेळेवर पाठवील, तक्रारीस उत्तर देईल आणि उधारी समजून घेईल, त्याचाच माल दुकानदार पुढे मांडणार हे उघड झाले. गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याच्या वाटेवर दुकानदाराचा उंबरठा लागतो, याचा विसर जाहिरातीवर बेसुमार खर्च करणाऱ्यांना फार लवकर पडतो.

शिरवळची वाट पुढे पुन्हा बदलली. मोटारी आल्या, रस्त्यास हमरस्त्याचे रूप आले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ज्या रानात हरळी काढण्यासाठी चार-चार बैलजोड्या जुंपीत, त्याच रानांच्या कडेला कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. नीरेच्या पुलावरून जाणाऱ्या प्रवाशास आता शेकडो फलक दिसतात. आणि लोणंदहून दक्षिणेस जाणारी आगगाडी कुंडल रोड हे नाव आता घेत नाही. त्या स्थानकाच्या पाटीवर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे.